कालपासून

अष्टेकर मावशींनी तोंड उघडलं आणि मला लवंगेचा वास आला.

आरसा हातात तसाच धरून मी थांबले. खालच्या डाव्या बाजूला, दाढेच्या पुढच्या दाताशेजारी हिरडी पांढरी पडली होती, भाजल्यासारखी. एका दिवसात लवंग हिरडी अशी भाजत नाही. त्यासाठी ती रोज तासन् तास दाबून धरावी लागते.

"मावशी, दुखतंय?"

तोंड उघडं ठेवूनच त्यांनी मान हलवली. नाही.

"मग लवंग कशाला?"

त्यांनी तोंड मिटलं, डोळे उघडले आणि वरच्या दिव्याकडे बघत म्हणाल्या, "सवय हाय मला. फोडणी देताना एक तोंडात टाकतो."

बेळगावकडच्या बायकांसारखं त्या स्वतःबद्दल 'मी येतो, मी करतो' असं बोलायच्या. मी इचलकरंजीची, त्यामुळे मला ते ऐकून घरी गेल्यासारखं वाटायचं. एरवी. त्या दिवशी नाही वाटलं. मी ट्रेमधली गार फवाऱ्याची बाटली उचलली, कापसाच्या बोळ्यावर फवारा मारला आणि तो बोळा त्या दाताला लावला. मावशींनी खुर्चीचा हात असा घट्ट पकडला की त्यांच्या बांगड्या वाजल्या. बोळा काढल्यावर मी मनातल्या मनात आकडे मोजले. सातव्या आकड्याला त्यांची बोटं सैल झाली.

चांगल्या दाताची कळ दुसऱ्या आकड्याला थांबते.

फेब्रुवारी २०१० चा दुसरा आठवडा होता. माझी परीक्षा मार्चच्या वीस तारखेला होती.

त्या परीक्षेबद्दल आधी सांगायला हवं. गावाकडे बीडीएस करून मी अमेरिकेत आले, तेव्हा इथे दातांना हात लावायचा तर पुन्हा दोन वर्षं डेंटल कॉलेजात काढावी लागणार होती. ती मी काढत होते. शेवटच्या वर्षी लायसन्सची परीक्षा. आता बऱ्याच ठिकाणी ती प्लास्टिकच्या दातांवर होते. आमच्या वेळी ती जिवंत माणसावर व्हायची, आणि ते माणूस ज्याचं त्याने आणायचं. दात कसा हवा याचे नियम होते. कीड दोन दातांच्या फटीत हवी. एक्स-रेत ती आतल्या थराला टेकलेली दिसायला हवी, पण खोल गेलेली नको. शेजारचा दात शाबूत हवा. असा दात सापडणं कठीण, आणि सापडलेल्या दाताचा मालक परीक्षेच्या दिवशी सकाळी सात वाजता हजर राहणं त्याहून कठीण. वर्गातली मुलं सप्टेंबरपासून ओळखीच्या प्रत्येकाच्या तोंडात डोकावत होती.

मला तो दात ऑक्टोबरमध्ये मिळाला. अष्टेकर मावशी बेळगावहून मुलाकडे, प्रमोदकडे आलेल्या. सहा महिन्यांसाठी आल्या आणि राहूनच गेल्या. विद्यापीठाच्या आवारातल्या वीस-बावीस देशी पोरांना त्या डबे द्यायच्या, त्यात एक डबा माझा. दातांचा विमा नव्हता म्हणून मीच त्यांना कॉलेजच्या क्लिनिकमध्ये तपासायला घेऊन आले होते. एक्स-रे पडद्यावर आला आणि मागून माझ्या बाई, डॉ. बर्नहार्ट, म्हणाल्या, "हा तर परीक्षेचा दात आहे."

डॉ. बर्नहार्ट साठीच्या, उंच, बोलायला काटकसरी. त्यांनी मला त्याच दिवशी अट घातली होती. "कीड लहान आहे, थांबता येईल. पण पेशंटला सगळं समजावून सांग. दर महिन्याला तपास. काहीही दुखलं-खुपलं तर परीक्षा विसर आणि त्याच दिवशी दात भर. कबूल?"

मी कबूल म्हटलं आणि मावशींना मराठीत सगळं सांगितलं.

"तुझ्या उपयोगाचा हाय न्हवं ह्यो दात?" त्यांनी विचारलं.

"हो, पण तुम्हाला भरून हवा असेल तर आत्ता भरते."

"ऱ्हाऊ दे की मग मार्चपर्यंत. मला काय त्याचं लोणचं घालायचंय?"

मी हसले. त्या संध्याकाळी नवऱ्याला फोन करून सांगितलं की दात मिळाला. सुबोध अकरा तासांच्या अंतरावर, एका छोट्या गावात कारखान्यात नोकरीला होता. आमची ईरा, पाच वर्षांची, त्याच्याकडे. दीड वर्ष मी तिला सुट्टीपुरती भेटत होते. त्याच गावातल्या सरकारी मदतीच्या दवाखान्यात दातांच्या डॉक्टरची एक जागा होती. त्यांनी मला कळवलं होतं: एक जुलैला लायसन्स हातात असेल तर जागा तुमची. मार्चमध्ये पास झाले तर ते जमणार होतं. त्यानंतरची परीक्षा जूनच्या शेवटी, पाच तासांवरच्या दुसऱ्या शहरात, आणि तिचा निकाल जुलैअखेर. म्हणजे मार्च हुकला तर जागा गेली. ईराने फ्रीजवर कॅलेंडर लावून घेतलं होतं. महिना उलटला की ती त्यावर फुली मारायची आणि मला फोनवर फुल्या मोजून दाखवायची.

तर आता मी पांढऱ्या पडलेल्या हिरडीकडे बघत होते.

"मावशी, खरं सांगा. कधीपासून दुखतंय?"

त्या काही बोलायच्या आत पडदा सरकला आणि डॉ. बर्नहार्ट आत आल्या. परीक्षेसाठी ताजा एक्स-रे काढायचा, त्यावर त्यांची सही लागत होती. त्यांनी स्वतः आरसा घेतला, हिरडी बघितली, दात बघितला. मग त्यांनीही गार बोळा लावला. मावशींचा चेहरा हलला नाही, पण पायाचा अंगठा सपातीच्या आत आखडला. बाईंना तो दिसला.

"तिला दुखतंय," त्या मला म्हणाल्या. "विचार कधीपासून."

मावशींना इंग्रजी बेताचं कळायचं, बोलता यायचं नाही. त्यांच्या फाइलवर 'दुभाषी' या रकान्यात माझंच नाव होतं.

मी विचारलं. मावशींनी माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"सांग तिला, कालपासनं," त्या म्हणाल्या.

"कालपासून," मी इंग्रजीत सांगितलं.

बाई थोडा वेळ त्या पांढऱ्या हिरडीकडे बघत उभ्या राहिल्या. "एक दिवस?"

"हो."

"आज एक्स-रे काढ. तो घेऊन माझ्याकडे ये. मग ठरवू." आणि त्या पलीकडच्या खुर्चीकडे गेल्या.

मी एक्स-रे काढला. पडद्यावर ऑक्टोबरचा आणि आजचा शेजारी शेजारी लावला. कीड वाढली होती, पण दिसायला अजूनही नियमात बसत होती. जेमतेम. पाच आठवडे सांभाळलं असतं तर कदाचित निभावलं असतं. एक्स-रेत कीड असते त्यापेक्षा लहान दिसते, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. तरी मी त्या दोन करड्या डागांकडे बघून 'जेमतेम बसतंय' हाच विचार करत होते.

"मावशी, कालपासून का म्हणालात?"

"मग काय म्हणू?" त्यांनी गळ्यातला कागदी रुमाल काढून हळूहळू घडी घातली. "जानेवारीत डबा द्यायला आलो तवाच हिला सांगितलं हुतं, असं म्हणू? ती तुझी मास्तरीण. तुलाच बोलंल."

इथवर मी ही गोष्ट जशी सांगत आले, तशीच ती मी कित्येक वर्षं लोकांना सांगायचे. जानेवारीचा भाग गाळून. संक्रांतीच्या दोन दिवस आधी मावशी डबा घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. बाहेर गुडघाभर बर्फ. डबा माझ्या हातात देताना म्हणाल्या, "जोस्ना, गार पाण्यानं जरा झणकतंय गं त्या दातात." मी म्हणाले, "थंडी आहे ना मावशी, थंडीत होतं असं. कोमट पाणी प्या." त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या. त्या महिन्याच्या तपासणीच्या रकान्यात मी लिहिलं: तक्रार नाही.

"तू म्हणालीस थंडीनं होतंय," मावशी म्हणाल्या, "म्हणून मीबी गप ऱ्हायलो. कोमट पाणी पितो, उजवीकडनं चावतो. भाकरी दुधात कुस्करली की झालं. पाच आठवडं काय, आत्ता जातील. पोरगी वाट बघतीया तुझी तिकडं."

मी हातमोजे काढले, कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि "आलेच" म्हणून बाहेर आले. कॉरिडॉरच्या टोकाला खिडकी होती. तिथून सुबोधला फोन लावला. त्याची जेवणाची सुट्टी चालू होती.

"दाताचं काय झालं?" त्याने पहिल्यांदा तेच विचारलं.

मी त्याला सगळं सांगितलं. जानेवारीचंही.

"त्यांचा दात आज भरलास तर दुसरा पेशंट मिळेल?"

"पाच आठवड्यांत? मुलांनी आख्खं शहर पालथं घातलंय."

"आणि नाही भरलास तर?"

"कदाचित काही होणार नाही. कदाचित नस जाईल. मग रूट कॅनल. नाहीतर काढावाच लागेल."

"ज्योत्स्ना, मी इथून काय सांगू?" तो म्हणाला. "मी ईराला सांगेन. तिला जे सांगायचं ते मी सांगेन. तू तुझं ठरव."

मला वाटतं, त्याने 'मार्चपर्यंत थांब' म्हटलं असतं तर मी थांबले असते. त्याने म्हटलं नाही, याबद्दल मी त्याच्यावर त्या दिवशी चिडले होते.

डॉ. बर्नहार्ट आपल्या छोट्या खोलीत उभ्यानेच सफरचंद खात होत्या. मी दार लावून घेतलं.

"एक्स-रे?" त्यांनी हात पुढे केला.

"आधी एक सांगायचंय. मी चुकीचं भाषांतर केलं."

त्यांनी सफरचंद खाली ठेवलं.

"ती कालपासून म्हणाली, ते मी तसंच सांगितलं. पण ते खरं नाही, हे मला माहीत होतं. तिला निदान महिन्यापासून दुखतंय. जानेवारीत तिने मला स्वतः सांगितलं होतं. मी थंडीमुळे होतं म्हणाले. फाइलमध्ये लिहिलं नाही. लिहिलं ते खोटं."

"आणखी काही?"

"नाही."

"तुला तेव्हा कळलं होतं? की खरंच थंडीमुळे वाटलं?"

सगळ्यात सोपं उत्तर त्यांनीच माझ्यापुढे ठेवलं होतं. 'थंडीमुळेच वाटलं' एवढं म्हटलं असतं तर निष्काळजीपणा ठरला असता, त्यापलीकडे काही नाही.

"कळलं होतं," मी म्हणाले.

त्यांनी टेबलावरचं पेन माझ्यासमोर ठेवलं. "फाइल उघड. जानेवारीची नोंद खोडू नकोस, ती तशीच राहू दे. खाली आजची तारीख घाल आणि आत्ता मला सांगितलंस ते लिही. त्याच शब्दांत."

मी लिहिलं. अक्षर वाचता येण्यासारखं आलं. त्यांनी खाली सही केली.

"हे डीनकडे जाईल. मला पाठवावं लागेल," त्या म्हणाल्या. "मार्चचं काय?"

"मार्चला मी बसत नाही. दात आज भरते. तुम्ही परवानगी दिलीत तर."

"अजून पाच आठवडे आहेत. दुसरा पेशंट मिळाला तर?"

"मिळाला तर त्याचाही दात सापडेल त्याच आठवड्यात भरणार. परीक्षेसाठी कुणाला थांबवणार नाही. परीक्षेच्या आठवड्यात सापडला तर त्याला नेईन."

"अशाने तू कधीच परीक्षेला बसणार नाहीस."

"बसेन. जूनला नाव घालते."

"पेशंटशिवाय?"

"पेशंटशिवाय."

त्यांनी अर्धं सफरचंद कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि गाऊन चढवला. "चल. मी शेजारी बसते."

त्या दुपारी मी तो दात उघडला. आत कीड एक्स-रेपेक्षा कितीतरी खोल होती. मऊ, ओल्या चामड्यासारखी. शेवटचा थर मी हाताच्या अवजाराने इतका सावकाश खरवडला की बाईंनी दोनदा घड्याळ बघितलं. तळाशी नसेवर कागदाएवढा पापुद्रा उरला होता, पण तो शाबूत होता. रक्त आलं नाही. बाई वाकून बघत म्हणाल्या, "अजून दोन आठवडे थांबली असतीस तर आत काही उरलं नसतं." त्यावर औषधाचा थर दिला, दात भरला, घासून गुळगुळीत केला.

मावशींनी बधिर गाल चाचपला. "आता तुझी परीक्षा?"

"जूनमध्ये."

"माझ्यामुळं?"

"तुमच्यामुळं नाही, मावशी."

त्यांना ते पटलं नाही, हे मला दिसलं. मी त्यांना अजून खरं सांगितलं नव्हतं. बाईंना सांगणं जमलं. मावशींच्या त्या बधिर झालेल्या, विश्वासाने भरलेल्या तोंडाकडे बघून जमलं नाही.

डीनने दोन आठवडे मला पेशंट बघायला बंदी केली. मी स्टोअरमध्ये अवजारं धुतली. मार्चच्या वीस तारखेला वर्गातली मुलं पांढरे गाऊन घालून परीक्षेला गेली आणि मी लायब्ररीत बसले. एप्रिल-मेमध्ये मला परीक्षेचे दोन दात सापडले. एक कॉलेजच्या रखवालदाराचा, एक माझ्या घरमालकिणीच्या भावाचा. दोन्ही त्याच आठवड्यात भरून टाकले. वर्गातल्या एका मुलाने मला सगळ्यांसमोर वेडी म्हटलं. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मेमध्ये सुबोधच्या गावातल्या दवाखान्याचं पत्र आलं: जागा भरली आहे, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. ईराला सुबोधने काय सांगितलं कोण जाणे. फोनवर ती म्हणाली, "आई, मी नवीन कॅलेंडर आणलंय." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवून आंघोळीला गेले, नळ पूर्ण सोडून.

जूनच्या परीक्षेला बारा दिवस उरले आणि माझ्याकडे कुणी नव्हतं. मावशींनी डब्याच्या गिऱ्हाइकांना माझ्याकडे पाठवायला सुरुवात केली. रोज पाच-सहा जण. डबा द्यायच्या आधी त्या अट घालायच्या म्हणे, "आधी जोस्नाला तोंड दाखवून ये." सतरा तोंडं बघितली. एकाही तोंडात तसला दात नव्हता. अठरावा आला तो प्रमोद, त्यांचा मुलगा. त्याने सहा वर्षांत डेंटिस्टचं तोंड बघितलं नव्हतं आणि बघायची इच्छाही नव्हती. मावशी त्याच्या मागे दारात उभ्या होत्या, पळून जाऊ नये म्हणून.

"आई म्हणते, दात दाखवल्याशिवाय घरात जेवण नाही," तो म्हणाला.

उजवीकडे वर, दोन दातांच्या फटीत. लहान, नियमात बसणारी. दुखत नव्हतं. मी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी विचारलं, गार बोळा लावला, ठोकून बघितलं. प्रमोद वैतागला. परीक्षा नऊ दिवसांवर होती. डॉ. बर्नहार्टनी एक्स-रे बघितला आणि पहिल्यांदाच हसल्या. "हा सापडला त्याच आठवड्यात भरायचा, असा तुझा नियम होता ना?"

"परीक्षा पुढच्या सोमवारी आहे," मी म्हणाले. "दोन दिवस जास्त होतायत. ते मी त्याला सांगितलंय, आणि फाइलमध्ये लिहिलंय."

प्रमोदनेच गाडी चालवली. पाच तास. मावशी मागच्या सीटवर दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. परीक्षेत त्याचा दात पडद्यामागे तीन अनोळखी परीक्षकांनी एकामागून एक तपासला, आणि मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. मला भीती वाटत नव्हती. का वाटत नव्हती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

निकाल जुलैच्या अठ्ठावीस तारखेला आला. पास. नोकरी मिळाली ती सुबोधच्या गावापासून तीन तासांवर. पुढचं दीड वर्ष मी दर शुक्रवारी दवाखाना बंद करून गाडी काढायचे आणि रविवारी दुपारी परतायचे. ईरा सात वर्षांची झाली, तेव्हा आम्ही तिघं एका घरात राहायला लागलो.

निकाल आला त्या सकाळी मी मावशींकडे गेले. स्वयंपाकघरात ओट्यावर बावीस डबे उघडे मांडून त्या त्यात उसळ वाढत होत्या. मी पास झाले म्हटलं. त्यांनी गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला आणि पुन्हा डाव हातात घेतला.

"मावशी, तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हणाले. "जानेवारीत तुम्ही म्हणालात ना, गार पाण्याने झणकतंय. मी थंडीमुळे म्हणाले. ते थंडीमुळे नव्हतं. मला तेव्हाच माहीत होतं."

त्यांनी सहा-सात डब्यांत उसळ वाढली. मोजून, प्रत्येकात सारखी.

"मलाबी," त्या म्हणाल्या. "झाकणं लाव."